ऐतिहासिक शहरांतील भूदृश्य: वारशाची व्याख्या रुंदावली, पण जतनाची पकड सैल झाली का?

अर्धविराम (प्रश्न)

नगररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी एक टिपण लिहीत आहे. ऐतिहासिक शहरांतील वारसा जपण्याच्या दृष्टीत गेल्या शंभरेक वर्षांत काय बदलले, हा त्याचा विषय आहे. वाचनात सगळीकडे एकच मांडणी येते. आधी एकेकटी वास्तू जपली गेली, मग तिच्याभोवतीचा परिसर, मग सबंध जुनी वस्ती आणि शेवटी नदी, टेकड्या, बागा, पाण्याच्या वाटा, रस्त्यांची घडण आणि माणसांचे व्यवहार यांसह सगळे शहर, म्हणजे ज्याला आता ‘ऐतिहासिक नागरी भूदृश्य’ म्हणतात ते. जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांच्या, म्हणजे १९३१ ची अथेन्स सनद, १९६४ ची व्हेनिस सनद, १९८७ ची वॉशिंग्टन सनद, २००५ चे व्हिएन्ना निवेदन आणि २०११ ची युनेस्कोची शिफारस अशा पायऱ्या दाखवून ही वाटचाल सांगितली जाते. मीही तसेच लिहायला घेतले होते, पण दोन ठिकाणी अडलो.

पहिली अडचण अशी. १९६४ ची सनद वाचली की तिच्यातला ठामपणा जाणवतो. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबलाच पाहिजे, असे ती स्पष्ट बजावते. २०११ ची शिफारस मात्र बदलाचे व्यवस्थापन, विकास आणि जतन यांचा मेळ, सहभाग अशा भाषेत बोलते. तिची कक्षा मोठी आहे, यात वाद नाही. परंतु ती नेमके काय करू देत नाही, हे शोधायला मला बराच वेळ लागला. मग ही प्रगती समजायची, की विकासाच्या दबावापुढे घेतलेली सभ्य माघार?

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. तटबंदी नकाशावर दाखवता येते. दृश्य, उतार, भूजल किंवा घाटावरची वहिवाट कशी दाखवायची? आणि सगळेच वारसा ठरले, तर नकार नेमका कशाला द्यायचा? ज्यांनी या विषयावर काम किंवा अभ्यास केला आहे त्यांनी उदाहरणांसह लिहिल्यास मला मदत होईल. केवळ सनदांची यादी माझ्याकडे आधीच आहे.

---

चौकट

आपली पायऱ्यांची मांडणीच मला मान्य नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आधी फक्त वास्तू जपली जाई आणि परिसराकडे लक्ष नव्हते, असे म्हटले की जुन्या लोकांना परिसर सुचलाच नव्हता असा समज होतो. प्रत्यक्षात परिसराकडे त्यांचे पुरेपूर लक्ष होते. ते तो पाडत होते. महान वास्तू नीट दिसावी, तिच्या अंगाला चिकटलेली ‘क्षुद्र’ घरे हटावीत, तिच्यासमोर मोकळी जागा आणि सरळ रस्ता असावा, हाच एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारशाचा सन्मान मानला जाई. पॅरिसमध्ये शहराची नव्याने आखणी करणाऱ्या ओस्मानच्या काळात नोत्र दाम कॅथेड्रलसमोरची दाट वस्ती साफ झाली. रोममध्ये कोलोसियमपर्यंत जाणारा रुंद रस्ता १९३२ मध्ये खुला झाला, तो एक सबंध वस्ती आणि वेलिया टेकडीचा भाग कापून. त्याच शहरात १९३६ पासून सेंट पीटर्स चर्चसमोरची बोर्गो वस्तीतील घरांची रांग पाडण्यात आली आणि तिच्या जागी झालेला राजमार्ग १९५० मध्ये पूर्ण झाला. त्याआधी अरुंद गल्ल्यांमधून चालत आलेला माणूस एकाएकी चर्चसमोरच्या, वास्तुकार बेर्निनीच्या प्रचंड स्तंभावलीत येऊन उभा राहत असे. आज घुमट दुरूनच दिसतो आणि जवळ जाईपर्यंत दिसतच राहतो. एकाही मूळ दगडाला धक्का न लावता वास्तूचा अर्धा अर्थ कसा घालवता येतो, हे विद्यार्थ्यांना सांगायचे असेल तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या पाडापाडीला विरोध करणारेही त्याच काळात होते. इटलीतील गुस्तावो जोव्हान्नोनी यांनी नागरी वारसा ही कल्पना मांडली. साधी घरेसुद्धा एकत्रितपणे स्मारकाइतकीच मोलाची असतात आणि जुन्या वस्तीत मोठे रस्ते खुपसण्याऐवजी ती हलक्या हाताने विरळ करावी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या अथेन्स सनदेला आपण ‘केवळ वास्तू’च्या पायरीवर बसवले आहे तिच्यातही स्मारकाभोवतीच्या परिसराचा विचार आहे. जाहिराती, तारांचे कुरूप खांब, गोंगाटाचे कारखाने आणि उंच धुराडी स्मारकाजवळ नसावीत आणि कोणत्या स्मारकाजवळ कोणती वनस्पती शोभेल याचाही अभ्यास व्हावा, असे ती सांगते. हे १९३१ मधले आहे. म्हणून मला ही वाटचाल जिन्यासारखी वाटत नाही. हे एक जुने भांडण आहे आणि त्यात कधी एका पक्षाचा, कधी दुसऱ्याचा आवाज वर चढतो.

तरीही काहीच बदलले नाही, असे मी म्हणणार नाही. माझ्या मते खरे बदल दोन आहेत. पहिला बदल मूल्य कोण ठरवतो, याबद्दलचा. व्हेनिस सनदेपुढे प्रामुख्याने युरोपातील दगडी बांधकाम होते. ऑस्ट्रेलियातील १९७९ च्या बुरा सनदेने वास्तूऐवजी ‘ठिकाण’ हा शब्द धरला आणि त्या ठिकाणाचे सांस्कृतिक महत्त्व आधी ठरवा, मग हस्तक्षेप ठरवा, असा क्रम लावून दिला. जपानमध्ये तयार झालेल्या १९९४ च्या नारा दस्तऐवजाने तर अस्सलपणाचे निकष प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात पाहावेत, असे मान्य केले. लाकडाच्या वास्तू वेळोवेळी उतरवून पुन्हा उभारण्याची परंपरा असलेल्या देशाने हा आग्रह धरणे स्वाभाविक होते. दुसरा बदल काळाबद्दलचा आहे. पूर्वी शहराचा एखादा ‘सुवर्णक्षण’ निवडून तो गोठवण्याकडे कल असे. २०११ ची शिफारस शहराला एकावर एक बसलेल्या थरांचा परिणाम मानते, आणि त्या थरांत भूरचना, पाण्याचे प्रवाह, जमिनीखालच्या व्यवस्था, मोकळ्या जागा आणि आजची बांधकामेही धरते. ‘ऐतिहासिक केंद्र’ या शब्दाची कुंपणे तिने मुद्दाम ओलांडली आहेत.

आपण ज्याला माघार म्हणता त्याबद्दल एवढेच म्हणतो की, ती शिफारस आहे, करार नव्हे. तिच्यात दात नाहीत ही तक्रार बरोबर आहे, पण दात बसवण्याचे काम प्रत्येक देशाच्या आणि शहराच्या कायद्याचे आहे. फ्रान्समध्ये १९६२ च्या मालरो कायद्याने संरक्षित नागरी विभाग निर्माण केले तेव्हा त्यांना बळ मिळाले ते देशाच्या कायद्यामुळे. कोणत्याही आंतरराष्ट्रीय सनदेने ते दिले नव्हते.

---

दगडफूल

चौकट यांनी वरचे चित्र जरा उदार हाताने रंगवले आहे. भूदृश्याची ही भाषा आली कुठून, तेही सांगायला हवे. ती उंच इमारतींच्या भांडणातून आली. व्हिएन्नाचे ऐतिहासिक केंद्र २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि लगेचच त्याच्या सीमेलगतच्या मनोऱ्यांचा वाद पेटला. २००५ चे निवेदन त्याच शहरातल्या परिषदेत तयार झाले, हा योगायोग नव्हता. त्याच सुमारास, २००४ मध्ये, जर्मनीतील कलोन कॅथेड्रल धोक्यातील वारशाच्या यादीत गेले, आणि तेही ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर उभ्या राहू पाहणाऱ्या मनोऱ्यांमुळे. कॅथेड्रलच्या दगडाला कोणी हातही लावणार नव्हते. शहराने पलीकडच्या उंचीला आवर घातला आणि २००६ मध्ये ते नाव त्या यादीतून निघाले. ‘वास्तू सुरक्षित आहे, पण वारसा धोक्यात आहे’ हे वाक्य त्या प्रकरणानंतर सर्रास बोलता येऊ लागले, आणि भूदृश्य ही संकल्पना कामाची आहे याचा तो पहिला ठळक पुरावा मानायला माझी हरकत नाही.

पण पुढची प्रकरणे पाहा. जर्मनीतील ड्रेसडेनचे एल्बे नदीचे खोरे २००४ मध्ये सांस्कृतिक भूदृश्य म्हणूनच यादीत आले: नदी, तिच्या काठची विस्तीर्ण कुरणे, उतारांवरचे राजवाडे आणि द्राक्षमळे. कुरणांच्या ऐन रुंद भागातून चौपदरी पूल नेण्याचे ठरले होते. २००५ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी पुलाच्या बाजूने कौल दिला, २००६ मध्ये खोरे धोक्याच्या यादीत गेले, २००९ मध्ये जागतिक यादीतून वगळले गेले आणि २०१३ मध्ये पूल वाहतुकीला खुला झाला. लिव्हरपूलचे बंदरही २००४ मध्ये यादीत आले, २०१२ मध्ये धोक्यात गेले आणि गोदीकाठच्या विकासापायी २०२१ मध्ये वगळले गेले. खुद्द व्हिएन्ना २०१७ मध्ये धोक्याच्या यादीत गेले. ज्या शहराच्या नावाने निवेदन निघाले, त्या शहरालाच ते निवेदन उंच इमारतीच्या वादापासून वाचवू शकले नाही.

ड्रेसडेनचा प्रसंग विद्यार्थ्यांपुढे ठेवताना एक गोष्ट सोडू नका. ‘लोकसहभाग’ हा नव्या दृष्टीचा मंत्र आहे आणि इथे लोकांनी रीतसर मतदान करून भूदृश्याविरुद्ध निर्णय दिला. लोकांना प्रश्न नीट विचारला गेला नव्हता, परिणामांची माहिती नव्हती, असे नंतर म्हणता येते. मात्र आपल्या मनासारखे उत्तर आले तरच तो सहभाग, असे म्हणता येत नाही.

आता थोडे विषयांतर करतो, पण ते मुद्द्यालाच येऊन मिळते. बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा अठराव्या शतकातील चित्रकार होता. आपल्या प्रसिद्ध मामाप्रमाणे तोही कानालेत्तो म्हणूनच ओळखला जाई. त्याने ड्रेसडेनचे नदीपलीकडून दिसणारे दृश्य रंगवले, व्हिएन्नाचे बेल्व्हेडेअर प्रासादावरून दिसणारे दृश्य रंगवले आणि वॉर्सॉचे रस्ते रंगवले. महायुद्धात उद्ध्वस्त झालेले जुने वॉर्सॉ पुन्हा उभारताना त्याच्या चित्रांचा आधार घेतला गेला आणि ते पुनर्निर्मित शहर १९८० मध्ये जागतिक वारसा ठरले. व्हिएन्नात मनोऱ्याच्या उंचीचा वाद झाला तेव्हा बेल्व्हेडेअरच्या गच्चीवरून दिसणारे त्याचेच दृश्य मोजमापाला आले. एका माणसाने ज्या जागी चित्रफलक मांडला, ती जागा अडीचशे वर्षांनी नगररचनेचा बिंदू झाली! मला हे एकाच वेळी मोहक आणि धोकादायक वाटते. भूदृश्य जपणे म्हणजे एका ठरावीक खिडकीतून दिसणारे चित्र जपणे, असा त्याचा संकोच फार लवकर होतो. त्या चित्रात न मावणारी गोष्ट, उदाहरणार्थ मागच्या अंगणातली विहीर, मग कोणाच्याच हिशेबात राहत नाही.

एवढी टीका केल्यावर दुसरी बाजूही लिहायला हवी. मोजता येणारा नियम असला की दृश्याचे रक्षण होते. लंडनमध्ये सेंट पॉल्स कॅथेड्रलभोवतीच्या इमारतींच्या उंचीचे बंधन १९३८ पासून पाळले जाते. जपानमधील क्योतोने २००७ मध्ये शहराच्या मध्यभागातील मुख्य रस्त्यांलगतची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणि आतल्या भागातील ३१ वरून १५ मीटरवर आणली, छपरांवरच्या जाहिराती बंद केल्या आणि ३८ ठिकाणची दृश्ये नावानिशी संरक्षित केली. त्यांत एन्त्सूजी मंदिराच्या बागेतून दिसणारा हिएई पर्वतही आहे. ती बागच मुळी दूरच्या पर्वताला आपल्या रचनेत उसना घेऊन आखलेली आहे; पर्वताआड इमारत आली तर बागेचे एक पानही न तुटता बाग संपते. अशा ठिकाणी भूदृश्याची व्याख्या मीटरमध्ये लिहिलेली आहे, म्हणून ती टिकते.

मात्र मीटरमध्ये लिहूनही फट राहू शकते. रिचमंडच्या टेकडीवरून सेंट पॉल्सचा घुमट सुमारे १६ किलोमीटरवरून झाडीतल्या एका चौकटीतून दिसतो आणि ती दृश्यरेषा संरक्षित आहे. तरी २०१६ मध्ये घुमटाच्या पाठीमागे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, स्ट्रॅटफर्डमध्ये उभा राहिलेला मनोरा त्या चौकटीत उगवला. समोरची बाजू सर्वांनी सांभाळली होती. पाठीमागे किती दूरवर पाहायचे, याचा विचार अपुरा पडला.

---

पाणवठा

वरच्या दोन्ही प्रतिसादांत भूदृश्य बहुतांशी डोळ्यांनी पाहायची गोष्ट झाली आहे. मी बागा आणि जलव्यवस्था यांच्या जतनाशी संबंधित काम करते, त्यामुळे मला ती आधी वाढणारी, वाहणारी आणि मरणारी गोष्ट दिसते. अर्धविराम यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच सापडते.

व्हेनिस सनदेचा ठामपणा आपल्याला आवडला, तो दगडाच्या बाबतीत योग्यच आहे. पण झाडाच्या बाबतीत ‘मूळ द्रव्य जपा’ याचा अर्थ काय घ्यायचा? ही अडचण ओळखूनच १९८१ मध्ये फ्लॉरेन्स सनद तयार झाली. ऐतिहासिक बाग हे जिवंत स्मारक आहे आणि तिचे घटक मुख्यतः वनस्पती असल्याने ते नाशवंत तसेच पुन्हा लावता येण्याजोगे आहेत, असे तिने मान्य केले. म्हणजे बदलाचे व्यवस्थापन ही २०११ साली विकासकांसाठी काढलेली पळवाट नव्हती; बागेच्या माळ्याला ती कायमच ठाऊक होती. व्हर्सायच्या बागेतील वृक्षराजी सोळाव्या लुईच्या कारकिर्दीत, १७७४ पासून, जवळजवळ संपूर्ण तोडून नव्याने लावली गेली. डिसेंबर १९९९ च्या वादळात तिथली हजारो झाडे उन्मळून पडली, तेव्हा पुन्हा लागवड झाली. आज तिथे चालणारा माणूस जी बाग पाहतो तिच्यातील रेषा, अंतरे, उंचीची प्रमाणे जुनी आहेत. लाकूड जुने नाही. इथे अस्सलपणा आराखड्यात आणि निगराणीच्या क्रमात आहे. हा क्रम मोडला, म्हणजे छाटणीचे ज्ञान असलेली माणसे गेली की, एकही झाड न पडता बाग हरवते. म्हणूनच बागेच्या जतनाचा आराखडा तपासताना मी आधी माळ्यांची पदे भरली आहेत का, ते पाहते.

शहराच्या पाण्याचेही तसेच आहे. चीनमधील लीजियांगचे जुने शहर १९९७ मध्ये यादीत आले. उत्तरेकडच्या तलावातून येणारा प्रवाह तीन फाट्यांत विभागून गल्लीबोळांतून घरांपर्यंत पोहोचतो आणि त्या प्रवाहावरच शहराची घडण ठरलेली आहे. तिथे एकापाठोपाठ एक अशी तीन कुंडे असलेल्या विहिरी आहेत: पहिल्या कुंडातले पाणी पिण्यासाठी, ते ओसंडून दुसऱ्यात आले की भाजी धुण्यासाठी आणि तिसऱ्यात आले की कपड्यांसाठी. दगडी कुंडे हा वारसा म्हणायचा की हा क्रम पाळणारे शेजारी? कुंडांची डागडुजी सोपी आहे. पर्यटनामुळे मूळ रहिवासी घरे भाड्याने देऊन बाहेर राहायला गेले, की तिसऱ्या कुंडात कपडे धुणारे कोणी उरत नाही आणि कुंड शोभेचे होते. वरवर पाहता सर्व काही जपलेले असते.

याच्या अगदी उलटे उदाहरण इस्तंबूलचे आहे. रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस याच्या पाचव्या शतकातील तटबंदीला लागून, खंदकाच्या आत-बाहेर, शतकानुशतके भाजीपाल्याचे मळे पिकत आले आहेत. येदीकुलेचे बोस्तान म्हणून ते ओळखले जातात. तटबंदी १९८५ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. मळ्यांकडे मात्र मोकळी जमीन म्हणून पाहिले गेले आणि २०१३ मध्ये उद्यान करण्यासाठी त्यांतील काही भागावर राडारोडा टाकून बुलडोझर फिरवला गेला. वाद, निषेध सगळे झाले. ज्यांनी हे केले त्यांच्या दृष्टीने ते परिसराचे सुशोभीकरणच होते. वारसा फक्त दगडात असतो अशी समजूत असली की वाफे, पाट आणि विहिरी ‘रिकामी जागा’ या सदरात जातात. २०११ च्या व्याख्येत जमीन-वापर आणि मोकळ्या जागा हे शब्द का हवे होते, ते इथे कळते. दगडफूल यांनी मागच्या अंगणातली विहीर म्हटले, ती हीच.

आणि रिकाम्या जागेचे सोनेही होऊ शकते. कैरोमधील अल-अझहर उद्यान सुमारे ३० हेक्टरांवर आहे. शतकानुशतके जुन्या शहराचा कचरा आणि राडारोडा टाकून तयार झालेली ती टेकडी होती. उद्यानाच्या कामात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तीन प्रचंड टाक्या त्याच जमिनीत सामावून घ्याव्या लागल्या, आणि उतार खणताना बाराव्या शतकातील अय्युबी राजघराण्याच्या तटबंदीचा किलोमीटरभराहून अधिक भाग उघडा पडला. २००५ मध्ये उद्यान खुले झाले. त्याच्या पायथ्याशी असलेल्या दर्ब अल-अहमर वस्तीत त्याबरोबरच घरदुरुस्ती, कर्जपुरवठा आणि कारागिरांचे प्रशिक्षण यांची कामे हाती घेण्यात आली. उद्यान आधी आणि वस्ती नंतर असे झाले असते, तर हिरवळीशेजारच्या घरांचे भाव चढून ती वस्तीच तिथून उठली असती.

---

अर्धविराम

तिघांचेही मनापासून आभार. रोमचे उदाहरण वाचल्यावर पायऱ्यांची आकृती मी टिपणातून काढून टाकली आहे. पाणवठा यांनी शेवटी वस्ती उठण्याचा उल्लेख केला आणि माझ्या लक्षात आले की माझ्या मूळ मसुद्यात रहिवाशांना एकच परिच्छेद आहे, तोही ‘लोकसहभाग’ या मथळ्याखाली. भूदृश्याच्या भाषेत राहणाऱ्या माणसाला खरोखर काही संरक्षण मिळते का? की भाडेकरू हा विषय गृहनिर्माण खात्याचा आणि वारसा हा आपला, असेच अजून चालले आहे?

---

उंबरठा

या धाग्यावर आधी लिहिले नव्हते, परंतु हा प्रश्न माझ्या आस्थेचा आहे.

याचे सर्वांत धीट उत्तर २०११ च्या कितीतरी आधी मिळालेले आहे. इटलीतील बोलोन्या शहराने १९७३ मध्ये ऐतिहासिक केंद्रातील साध्या रांगघरांची दुरुस्ती सार्वजनिक गृहनिर्माणाच्या योजनेतून करायचे ठरवले. शहराच्या कडेला नव्या वसाहती बांधण्यासाठी असलेला मार्ग तिथे जुन्या गल्ल्यांसाठी वापरला गेला. प्येर लुइजी चेर्व्हेल्लाती हे त्यामागचे प्रमुख नाव. दगडाबरोबर माणूसही जपायचा, हे तिथे केवळ घोषणेत न राहता अंदाजपत्रकात आले. खासगी घरे ताब्यात घेण्याला इतका विरोध झाला की पुढे मालकांशी करार करण्याच्या वाटेने जावे लागले, आणि योजना मूळ कल्पनेएवढी पसरली नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगा. दोनच वर्षांनी, १९७५ च्या अॅम्स्टरडॅम जाहीरनाम्यात, जुन्या भागांचे पुनरुज्जीवन करताना शक्यतो तिथल्या रहिवाशांची सामाजिक घडण फारशी बदलू नये, असे स्पष्टपणे आले. मला तर वाटते की या एका मुद्द्यावर १९७५ ची भाषा नंतरच्या बऱ्याच मजकुरापेक्षा सरळ आहे.

उलट बाजूला पॅरिसचा मारे भाग आहे. मालरो कायद्याखाली तो वाचला. अंगणांत घुसलेली कारखानदारीची बांधकामे निघाली, प्रासाद उजळले आणि छोटे कारागीर व गरीब भाडेकरू हळूहळू निघून गेले. चौकट ज्या कायद्याच्या दातांचे कौतुक करतात, ते दात दोन्हीकडे लागले.

भाडे नियंत्रणाचा संबंध किती थेट असतो, ते मलेशियातील जॉर्जटाउनमध्ये दिसते. तिथली दुकानघरांची दाट वस्ती टिकली त्यामागे भाडे नियंत्रण कायद्याचा मोठा हात होता; भाडेवाढच शक्य नसल्याने घर पाडून नवे बांधण्यात मालकाला गोडी नव्हती. २००० सालच्या आरंभी ते नियंत्रण उठले आणि शहराच्या गाभ्यातून जुनी कुटुंबे बाहेर पडू लागली. २००८ मध्ये शहर जागतिक वारसा यादीत आले, म्हणजे सन्मान आला तेव्हा गळती आधीच सुरू झाली होती. अर्थात त्याच भाडे नियंत्रणामुळे दुरुस्तीसाठी पैसा उरत नसे आणि घरे खचत होती. या कोड्याचे सोपे उत्तर कोणी देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि व्हेनिस. १९५१ मध्ये ऐतिहासिक शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत; २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. जगात ज्या शहराच्या दगडांची सर्वाधिक काळजी घेतली जाते, त्यातले हे एक आहे. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर: भूदृश्याची भाषा रहिवाशाला जागा देते, परंतु संरक्षण देत नाही. ते भाडेकायदा, घरदुरुस्तीचे अनुदान, पर्यटकांना घरे देण्यावरची मर्यादा अशा रुक्ष गोष्टींतून येते आणि त्या गोष्टी बहुतेक ठिकाणी वारसा समितीच्या अखत्यारीत नसतात.

---

दगडफूल

नकाशाच्या प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले, म्हणून थोडक्यात लिहितो. एकच सीमारेषा काढण्याचा मोह टाळावा. ज्या घटकाला जे मोजमाप लागते, त्याचा वेगळा थर करावा: दृश्यासाठी पाहण्याचा बिंदू, कोन आणि समोरच्या व मागच्या बाजूचे अंतर; पाण्यासाठी उगमापासून निचऱ्यापर्यंतची वाट, मग ती वारसा क्षेत्राच्या बाहेर जात असली तरी; जमीन-वापरासाठी भूखंड आणि त्यावर सध्या कोण काय करते याची नोंद. प्रत्येक थरापुढे तो कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या खात्याकडे येतो, ते लिहावे. ही शेवटची रकानारांग भरताना जिथे जिथे जागा कोरी राहील, तिथेच पुढचे येदीकुले आहे. नवे बांधकाम आले की या थरांवर त्याचा परिणाम तपासायचा. वारशावरील परिणामांच्या मूल्यांकनाविषयी इकोमॉस या स्मारके आणि स्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची २०११ ची मार्गदर्शिका आहे आणि २०२२ मध्ये त्याविषयी नवी मार्गदर्शिकाही आली आहे. मूल्यांकन आराखडा मंजूर होण्याआधी होते की नंतर, एवढे विचारले तरी बऱ्याच अहवालांची किंमत कळते.

---

चौकट

उंबरठा यांनी मारेबद्दल काढलेला चिमटा मान्य.

दगडफूल, आपल्या क्योतोच्या मुद्द्यात एक भर घालतो, कारण अर्धविराम तो आकडा टिपणात घेतील. २००७ ची मर्यादा तिथेही कायमची राहिलेली नाही. तरुण कुटुंबे घरांच्या किमतींमुळे शहराबाहेर जात आहेत, असे कारण देऊन २०२३ मध्ये रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेकडील आणि इतर काही भागांत उंचीचे नियम शिथिल करण्यात आले. जुन्या मध्यभागाची मर्यादा त्यांनी तशीच ठेवली. म्हणजे दृश्य सांभाळणारा नियम आणि माणसे टिकवण्याची गरज यांची गाठ तिथेही पडलीच. तेव्हा ३१ मीटर लिहाल तिथे साल अवश्य लिहा.

---

अर्धविराम

साल लिहितो. क्योतोची दोन्ही वर्षे शेजारीशेजारी ठेवतो आणि येदीकुलेचा तटबंदी व मळे असा दोन थरांचा नकाशा विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतो. कायदा आणि खाते यांची रकानारांग मी मुद्दाम कोरी देणार आहे. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकतो, म्हणजे बोलोन्याचा परिच्छेद उंबरठा यांना तपासता येईल.